इंजिन बदलल्यावर कूलंट गळतंय? या चुका टाळा

नवं इंजिन बसतं, गाडी सुरू होते आणि थोड्या वेळात खाली ओला डाग दिसतो. लगेच संशय जातो हेड गॅस्केटवर (ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलवर), आणि इंजिन विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात होते. पण अशी गळती बहुतेक वेळा जुन्या गाडीचे आणि नव्या इंजिनाचे भाग जिथे जोडले आहेत तिथेच सापडते. होजची (रबरी नळ्यांची) मापं, सेन्सरचे आटे, बंद केलेली तोंडं, रेडिएटरची जागा ही सगळी जुळवाजुळव कारखान्यात झालेली नाही, ती तुम्ही केली आहे. म्हणून शोध या जोडांपासून सुरू करा.

थेंब पडतो तिथेच शोधणं

कूलंट वरून झिरपतं, ब्लॉकच्या कडेनं उतरतं आणि भलत्याच बोल्टच्या टोकावरून ठिबकतं. पंख्याचा वारा त्याला आणखी मागे ढकलतो. त्यामुळे ओल्या भागातली सर्वांत उंच जागा शोधायची आणि तिथून वर बघायचं. आधी सगळं धुऊन कोरडं करा. जुन्या डागांवरून काहीच कळत नाही. एसी चालू असेल तर खाली पडणारं पाणी एसीचंही असू शकतं. ते रंगहीन असतं, बोटाला चिकटत नाही. कूलंट रंगीत आणि बुळबुळीत असतं, गोडसर वास येतो, वाळलं की पांढरट खपली राहते. चव घेऊन मात्र पाहू नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच पुसा.

गरम इंजिनावर शोधाशोध

इंजिन चालू ठेवून, वाफेत डोकं घालून गळती शोधण्यात काही अर्थ नाही. थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर लावा. हातपंप रेडिएटरच्या तोंडावर किंवा एक्स्पान्शन टाकीवर बसतो. कॅपवर जो दाब छापलेला असतो, उदाहरणार्थ 0.9 किंवा 1.1 बार, तेवढाच भरा. त्याहून जास्त भरलात तर धड असलेला भागही फोडाल. मग 15 मिनिटं काटा बघत बसा. काटा घसरला आणि बाहेर कुठेच ओल दिसली नाही, तर आतली गळती शोधायची. प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला असेल, काचेवर चिकट धुकं धरत असेल, तर हीटर कोअर (गाडीत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) किंवा त्याचे होज बघा.

कॅपचीही परीक्षा त्याच टेस्टरवर करा. नव्या इंजिनाला जुनी, थकलेली कॅप लावली की कूलंट ओव्हरफ्लोमधून निघून जातं आणि आपण उगाच गळती शोधत बसतो. गरम असताना कॅप उघडायची नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं, पण दाबाखाली ते त्याहून बरंच गरम असूनही उकळत नाही. कॅप सैल झाली की दाब एकदम उतरतो आणि ते उसळून अंगावर येतं.

गळती फारच बारीक असेल तर अतिनील प्रकाशात चमकणारा डाय टाका आणि गाडी थोडी फिरवल्यावर अंधारात अतिनील टॉर्च मारा.

पातळी उतरली म्हणजे गळतीच, असं धरून चालणं

रिकामं इंजिन भरल्यावर आत हवा अडकते. पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर पातळी उतरली, तर ती त्या हवेची जागा भरली गेल्यामुळे. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पुढची बाजू उंच करा, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून हवा काढा. शेवरोलेच्या एलएस इंजिनांत हेडमधली वाफ आणि हवा बाहेर काढणारी बारीक नळी असते. दुसऱ्या गाडीत हे इंजिन बसवताना ती नळी 'नको' म्हणून बंद करणारे पुष्कळ आहेत, मग गाडी तापते आणि दोष रेडिएटरला जातो. प्रत्येक वेळी इंजिन थंड झाल्यावर पातळी तेवढीच उतरत राहिली, तर मात्र गळती खरी.

होज ताणून बसवणं आणि क्लिप आवळत सुटणं

इंजिनाचं तोंड 35 मिमी आणि रेडिएटरचं 32 असेल, तर होज एका बाजूला ताणून किंवा दुसऱ्या बाजूला क्लिपनं चुरगाळून बसवू नका. रिड्यूसर वापरा. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावर बसली तर दाब आल्यावर होज हळूहळू सरकतो. धातूचं साधं तोंड कापून वापरलं असेल, तर त्याला असा उंचवटा करून घ्या.

आणि आवळण्याला मर्यादा आहे. स्क्रूच्या क्लिपमधल्या खाचांतून सिलिकॉन होज बाहेर येतो आणि कापला जातो. त्यासाठी आतून गुळगुळीत पट्टी असलेली क्लिप घ्या. इंजिन थंड असतानाच गळत असेल आणि गरम झाल्यावर थांबत असेल, तर क्लिपचा संशय पहिला. तिथे स्प्रिंगची क्लिप जास्त भरवशाची, कारण होज आक्रसला तरी तिची पकड कायम राहते. स्क्रूची क्लिप वापरलीच, तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर इंजिन थंड असताना एकदा तपासून किंचित आवळा.

होज हलवूनही बघा. इंजिन फाउंडेशनवर डोलतं, रेडिएटर बॉडीला घट्ट असतो. मधला होज अगदी ताठ असेल किंवा पुली आणि एक्झॉस्टला लागत असेल, तर आज सुकं दिसलं तरी महिन्यात फाटेल.

दिसायला सारखे आटे

जुन्या गाडीचा तापमानाचा सेन्सर नव्या इंजिनात बसवला, दोन-तीन फेरे छान गेला, मग अडकला. पाना लावून आवळला, तरी झिरपतोच. एनपीटी (अमेरिकन पाइपच्या) आट्यांचा कोन 60 अंश, बीएसपीचा (ब्रिटिश पाइपचा) 55. अर्धा इंच आणि पाऊण इंच मापात दोन्हींचे इंचाला 14 आटेच असतात, त्यामुळे एक दुसऱ्यात जातो पण सील होत नाही. टेप गुंडाळून हे निभत नाही. योग्य अडॅप्टर घ्या. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, म्हणून टेपचा थर जाड झाला की काटाही खोटं बोलतो.

काही इंजिनांत बोल्ट थेट पाण्याच्या कप्प्यात जातात. शेवरोलेच्या जुन्या स्मॉल-ब्लॉकमध्ये हेड बोल्टही तसेच आहेत. त्यांच्या आट्यांना सीलंट लावलं नाही तर कूलंट बोल्टच्या कडेनं वर येतं आणि हेड गॅस्केट गेल्यासारखं दिसतं.

बंद केलेली तोंडं

नव्या इंजिनावर थ्रॉटल बॉडी, टर्बो किंवा ऑइल कूलरसाठी पाण्याची तोंडं असतात, जी जुन्या गाडीला लागत नाहीत. त्यांवर व्हॅक्यूमची रबरी टोपी चढवणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वाईट उपाय. उष्णता आणि दाबानं ती तडकते, तीही रस्त्यात. धातूचा प्लग लावा.

कारण न शोधता सील करणं

थर्मोस्टॅट हाउसिंगवर सिलिकॉनचा जाड थर लावला की जास्तीचं आत जाऊन अडकतं. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पात्यानं काढा, पृष्ठभाग सपाट आहे का ते सरळ पट्टी लावून बघा, थर पातळ द्या आणि डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या. गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव टाकू नका. बारीक नळ्यांचा हीटर कोअर आधी तुंबतो.

बेलहाउसिंगमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचातून) थेंब येत असेल तर मागचा कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकचं भोक बंद करणारी धातूची चकती, बघावा लागतो. इंजिन बाहेर असतानाच हे सगळे प्लग बदलले असते तर काम थोडक्यात झालं असतं. आता गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. वॉटर पंपाच्या छोट्या भोकातून सतत ठिबकत असेल तर पंप बदला. ते भोक बुजवू नका.

इंजिनाचं अर्थिंग विसरणं

इंजिनाची अर्थिंगची पट्टी राहून गेली तर वीज कूलंटमधून वाट शोधते आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर आतून खात जाते. नव्या रेडिएटरला पुन्हापुन्हा भोकं पडत असतील, तर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी कूलंटमध्ये बुडवा, दिवे-पंखा चालू करा. 0.1 व्होल्टच्या वर दिसलं तर पट्ट्या तपासा.

हे सगळं कोरडं निघालं आणि तरी पातळी उतरत राहिली, तरच हेड गॅस्केटकडे वळा. ब्लॉक टेस्टरमधलं निळं द्रव रेडिएटरमधल्या हवेत जळलेला वायू मिळाला की पिवळं होतं. ते पिवळं झालं, किंवा प्रेशर टेस्टर रात्रभर लावून ठेवल्यावर एखादा स्पार्क प्लग ओला निघाला, तर हेड काढायची तयारी करा.