सीलच्या डीएनएवर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

बडोद्यात सील (समुद्रातला सस्तन प्राणी) नाहीत, पण त्यांच्या डीएनएवर एमएस्सीचा प्रोजेक्ट करणारी मुलं आहेत. जेनबँक या ऑनलाइन साठ्यातून सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे क्रम, फुकट मिळतात, घरबसल्या चांगलं काम होऊ शकतं. सबमिशन जवळ आलं की मुलं दांडिया बाजारात माझ्याकडे येतात आणि चुका दर वेळी त्याच.

चुकीचं टेबल. एक मुलगा अगदी रडवेला होऊन आला. "काका, सगळा डेटाच खोटा निघाला!" सायटोक्रोम-बी हे मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग, त्याचा डीएनए वेगळा असतो) जनुक, आणि प्रत्येक सिक्वेन्समध्ये अधूनमधून स्टॉप कोडॉन, म्हणजे 'प्रथिन इथे संपलं' सांगणारी तीन अक्षरं. घाबरून त्याने निम्मे सिक्वेन्स उडवलेही होते. लॅपटॉप बघितला तर डीएनएवरून प्रथिन वाचायचं भाषांतर टेबल १ वर, म्हणजे स्टँडर्ड. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाला टेबल २ लागतं. तिथे टीजीए हा स्टॉप नाही, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आहे. टेबल बदललं आणि सगळे स्टॉप गेले. टेबल २ लावूनही मध्येच स्टॉप उरला, तर मात्र ती त्या जनुकाची पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेली जुनी नक्कल असू शकते; तो सिक्वेन्स बाजूला काढा. मी झाड (नात्यांचा वंशवृक्ष) काढण्याआधी अलाइनमेंटची, म्हणजे एकाखाली एक जुळवलेल्या सिक्वेन्सची, ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालतो. वेळ जातो, जाऊ दे. सॉफ्टवेअरने झाड काढून दिलं म्हणजे काम झालं, ही घाई मला अजिबात पटत नाही.

दुसरी चूक संवर्धनाला थेट नडते: फक्त मायटोकॉन्ड्रियल डीएनए पाहून "हे दोन वेगळे समूह" असं ठोकून देणं. तो येतो आईकडून. सीलच्या बऱ्याच जातींत माद्या जन्मल्या किनाऱ्यावरच पिलं घालायला परततात, नर लांबवर फिरतात. मग मायटोकॉन्ड्रिया म्हणतो वेगळे, मायक्रोसॅटेलाइट (केंद्रकातल्या डीएनएचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, आईवडील दोघांकडून येणारे) म्हणतात मिसळलेले. दोन्ही खरं असतं. नरांमुळे जनुकं पोचत राहतील, पण माद्याच संपल्या तर तो किनारा लवकर भरत नाही. डीएनएच्या या दोन्ही खुणा, म्हणजे मार्कर, वापरल्याशिवाय हे कळणार कसं?

संख्या वाढली म्हणजे विविधता परत आली असं समजू नका. उत्तरेकडचा हत्ती सील तेलासाठी मारून जवळजवळ संपवला होता. आज तो लाखावर आहे. पण १९७४ च्या अभ्यासात त्याची प्रथिनं तपासली, तेव्हा जनुकांच्या २४ जागांपैकी एकीवरही प्राण्याप्राण्यांत फरक सापडला नाही.

आई आणि तिचं पिल्लू हे दोन स्वतंत्र नमुने धरू नका.

विष्ठेतला डीएनए तुटका असतो. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत) जनुकाच्या दोन रूपांपैकी एक, म्हणजे एक अलील, गळतो, विषमयुग्मी (दोन वेगळी रूपं असलेला) प्राणी समयुग्मी (दोन्ही सारखी असलेला) दिसतो आणि मुलं "आंतरप्रजनन वाढलं" लिहून मोकळी होतात. तोच नमुना पुन्हा पुन्हा चालवा. पैसे कमी पडत असतील, तर नमुने कमी घ्या, फेऱ्या कमी करू नका.