मुलांसाठी पहिलं पिस्तूल घेताय? या चुका टाळा

ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं पदक आलं की महिन्याभरात रेंजवर नवे चेहरे दिसू लागतात. २०२४ला पॅरिसमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदकं घेतली, एक एकटीने आणि एक सरबज्योत सिंगबरोबर. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्य आणलं. त्यानंतर चौकशीला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कोणतं पिस्तूल घेऊ?" मुलाने तोवर एकही छर्रा उडवलेला नसतो.

पहिल्या पिस्तुलात कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं असतं. त्याआधी मुलाचा तळहात, खांद्यातली ताकद आणि त्याचा नेमाचा डोळा कोणता, हे कळायला हवं. हे कळायच्या आत पैसे मोजले की पुढच्या सगळ्या चुकांना वाट मिळते.

थेट .२२ची चौकशी

काही पालक थेट .२२ इंच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या), खरी गोळी झाडणाऱ्या पिस्तुलाचंच विचारतात: "छोट्या बोअरचं आहे, धक्काही कमी, मग यावरच शिकू दे की." हे बहुधा अमेरिकेतले व्हिडिओ बघून येतं. तिथे मुलं .२२वर शिकतात हे खरं, पण आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. .२२ पिस्तुलाला लायसन्स लागतं आणि १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार त्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. १२ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला नेमबाजीचं प्रशिक्षण घेता येतं, पण क्लबमध्ये, क्लबच्या पिस्तुलावर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. आजोबांच्या लायसन्सच्या .३२ रिव्हॉल्व्हरवर शेतात नेऊन "जरा हात बसवू" हा उद्योग तर सरळ बेकायदा आहे. शिवाय आखूड नळी, मोठा आवाज आणि झटका यामुळे पोरगं पहिल्याच दिवशी बार होण्याआधी डोळे मिटायला शिकतं. ती सवय मोडायला पुढे महिने जातात.

म्हणून आपल्याकडे "पहिलं पिस्तूल" याचा अर्थ १० मीटरचं एअर पिस्तूल, म्हणजे दाबलेल्या हवेने दहा मीटरवरच्या लक्ष्यावर छर्रा मारणारं. बोअर ४.५ मिलिमीटर. या बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवाई हत्याराला लायसन्स लागत नाही, आणि सामन्याचं पिस्तूल त्या मर्यादेच्या बरंच खाली, पाच-सहा ज्यूलच्या आसपास असतं. तेवढ्या ताकदीनेही डोळा कायमचा जाऊ शकतो. त्यामुळे घरात ते कुलपात आणि छर्रे दुसऱ्या कपाटात, हा नियम पहिल्या दिवसापासून.

पहिल्याच महिन्यात खरेदी

बहुतेक क्लबकडे शिकण्यापुरती पिस्तुलं असतात. ती जुनी असतील, ग्रिपवर (मुठीवर) दहा जणांच्या घामाचे डाग असतील, पण पहिले चार-सहा महिने त्यांवरच काढावेत. एका हाताने पिस्तूल धरून साठ शॉट मारणं हे बघताना वाटतं त्यापेक्षा कंटाळवाणं काम आहे. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, तेही दहा मीटरवर. काही मुलं दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येतच नाहीत. काहींना पिस्तुलापेक्षा रायफल जमते. परदेशी मॅच पिस्तूल, म्हणजे सामन्यासाठी बनवलेलं, लाखाच्या पुढे जातं. तेवढे पैसे अडकले की "आता सोडायचं नाही" असा धाक सुरू होतो, आणि मग पोराचा खेळातला जीवच जातो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे "आधी स्वस्तातलं घेऊन बघू" म्हणून दोन-पाच हजारांचं स्प्रिंगचं पिस्तूल किंवा हुबेहूब खऱ्यासारखं दिसणारं गॅसचं पिस्तूल आणणं. स्प्रिंगचं पिस्तूल छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच हादरतं. मुलाचा शॉट चुकला की पिस्तुलाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. गॅसवाली पुष्कळशी पिस्तुलं लोखंडी गोळ्यांवर चालतात. त्या गोळ्या आदळून मागे उसळतात, म्हणून रेंजवर त्यांना थारा नसतो. आणि खऱ्यासारखं दिसणारं काही दप्तरात घालून शाळेत नेलं, तर पुढचा मुक्काम पोलिस चौकीत.

ग्रिप: इथे घाई करू नका

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो. ग्रिप तशी घेतली की खेळ बिघडलाच म्हणून समजा.

ग्रिप साधारण एक्स्ट्रा स्मॉल, स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येते, डावी-उजवी वेगळी. तपासायची पद्धत सोपी आहे. पिस्तूल रिकामं, नळी लक्ष्याकडे. मुलाचा हात ग्रिपमध्ये नीट बसवा आणि तर्जनीकडे बघा. बोटाच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर सपाट टेकली पाहिजे आणि बाकीचं बोट ग्रिपच्या लाकडाला न घासता मोकळं राहिलं पाहिजे. ग्रिप मोठी असेल तर मूल नुसत्या बोटाच्या टोकाने ट्रिगर ओढतं, किंवा बोट पोचावं म्हणून अख्खा हात फिरवून धरतं. मग नळी आणि हाताचं हाड एका रेषेत राहत नाही आणि प्रत्येक शॉटला मनगट वेगळं वळतं. ट्रिगर पुढेमागे सरकवायची सोय बहुतेक मॅच पिस्तुलांत असते, पण ती काही मिलिमीटरांपुरतीच. दोन मापांचा फरक त्याने भरून निघत नाही.

तळहाताखालच्या पट्टीची गंमत वेगळीच. ती हाताला आधार द्यायला असते, पण मुलं (आणि हौशी बाबा) ती इतकी आवळतात की हात शिकंज्यात अडकतो. पहिले दहा शॉट झकास जातात, मग बोटं पांढरी पडतात आणि थरथर सुरू होते. हात आत गेला की पट्टी नुसती टेकली पाहिजे. ग्रिपने मनगटाला आधार देणं नियमात बसत नाही, तेव्हा तिथे लाकूड-बिकूड वाढवू नका.

ग्रिप बसत नाही म्हणून लगेच कानस घेऊन बसायचं नाही. वाढत्या वयातला हात वर्षभरात बदलतो आणि घासलेलं लाकूड परत येत नाही. कमी पडत असेल तिथे लाकडाची पुटी थोडी थोडी चढवा, महिनाभर चालवा, मग ठरवा. वर्ष-दीड वर्षाने नुसती मोठी ग्रिप वेगळी विकत घेता येते, हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

वजनाचंही तसंच. मोठ्या मापाची पिस्तुलं ९०० ते १००० ग्रॅमची असतात. नियम १५०० ग्रॅमपर्यंत मुभा देतो, पण बारा वर्षांच्या मुलाला हजार ग्रॅमही जड. जड पिस्तूल स्थिर राहतं हे थोरांच्या बाबतीत खरं. मुलाचा हात पुढे ताणलेला असताना ते वजन तोलायला त्याची कंबर मागे झुकते. वीस शॉटनंतर बाजूला उभं राहून बघा: खांदा कानाकडे चढलाय, पोट पुढे आलंय, मनगट खाली पडतंय, तर पिस्तूल जड आहे. आखूड नळीची, हवेच्या छोट्या सिलिंडरची पिस्तुलं याच वयासाठी बनवलेली असतात. ती "लहान मुलांची" म्हणून नाकारणारे पालक मला कळत नाहीत. घेणारी मुलंच आहेत ना?

डावा हात, डावा डोळा

खरेदीआधी एक मिनिटाची चाचणी. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे छोटी फट ठेवायची, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहतं तो नेमाचा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली म्हणून घाबरायचं कारण नाही. रायफलमध्ये ती जास्त नडते, पिस्तुलात डोकं थोडं वळवून काम भागतं. काहींना हात बदलणं सोपं जातं. पण ते क्लबच्या पिस्तुलावर ठरवा, उजव्या ग्रिपचे पैसे भरून झाल्यावर नाही. नेम न धरणारा डोळा घट्ट मिटायची सवयही लावू नका, दुसऱ्या डोळ्यावर ताण येतो. त्यासमोर छोटी पट्टी लावता येते. नियमाप्रमाणे तिची रुंदी ३० मिलिमीटरच्या आत हवी.

ट्रिगर हलका करण्याची हौस

१० मीटर एअर पिस्तुलात ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम लागतं. नळी उभी धरून ट्रिगरला वजन टांगतात आणि उचलतात. ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. नेमकं ५०० वर बसवलेलं पिस्तूल स्पर्धेच्या सकाळी दगा देऊ शकतं, म्हणून थोडं वरच ठेवा. नवशिक्याला तर जरा जड ट्रिगरच बरा. हलक्यावर बोट टेकताच शॉट जातो आणि हळू दाबत नेण्याची सवयच लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा का? पहिल्या पिस्तुलात माझं मत नाही असंच आहे. टोकियोत २०२१ला पात्रता फेरी चालू असताना मनूचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली आणि अंतिम फेरी हुकली. तिच्यासोबत प्रशिक्षक होते, सुटे भाग होते. तुमच्या मुलीबरोबर जिल्हा शालेय स्पर्धेत डबा घेऊन आलेली आई असेल. साधा यांत्रिक ट्रिगर कोणत्याही क्लबातला जाणकार दुरुस्त करू शकतो.

जुनं घेताना

जुनं पिस्तूल घेणं ही चूक नाही, उलट शहाणपणाचंच आहे. चूक होते ती सिलिंडरवरची तारीख न बघण्यात. हवेचा सिलिंडर बनल्यापासून साधारण १० वर्षंच वापरायचा असतो. मुदत संपलेला सिलिंडर मोठ्या स्पर्धेच्या तपासणीत अडतो, आणि २०० बारच्या दाबाशी खेळ करू नये हे वेगळंच. नवा सिलिंडर महाग येतो, तेव्हा "स्वस्तात मिळालं" म्हणण्याआधी तो खर्च धरा. सिलिंडर भरून रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी दाबाचा काटा बघा. खाली आला असेल तर सील गेलेत.

"पिस्तूल बिघडलंय!"

दहातल्या नऊ वेळा बिघडलेलं नसतं. सगळ्यात आधी प्रशिक्षकाला त्याच पिस्तुलाने, त्याच छर्‍यांनी पाच शॉट मारायला सांगा. त्यांचा ग्रुप घट्ट आला, म्हणजे पाचही भोकं जवळजवळ पडली, तर पेचकस खिशात ठेवा.

उजव्या हाताच्या मुलाचे शॉट सात-आठ वाजण्याच्या दिशेला, म्हणजे खाली डावीकडे जमत असतील तर तो ट्रिगर झटक्यात ओढतोय, सोबत सगळी बोटंही आवळतोय. यावर औषध कोरड्या सरावाचं: छर्रा न घालता, समोर कोरी भिंत, शॉट सुटताना पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) हलते का एवढंच बघायचं. सरावाच्या खोलीत छर्‍यांचा डबा असता कामा नये. शॉट एका उभ्या रेषेत वरखाली पसरत असतील तर मनगट सैल पडतंय, किंवा नजर पुढच्या साइटवरून निसटून काळ्या गोलावर जातेय. काळा गोल धूसरच दिसायला हवा, हे मुलांना पटायला फार वेळ लागतो.

सर्वांत जास्त घोळ साइटच्या क्लिकचा, म्हणजे साइट थोडी थोडी सरकवायच्या स्क्रूच्या टप्प्यांचा. एक सात लागला की दोन क्लिक, परत सहा लागला की उलटे तीन. अशाने संध्याकाळपर्यंत कोणालाच काही कळेनासं होतं. पाच शॉटचा ग्रुप झाल्याशिवाय साइटला हात लावायचा नाही.

पिस्तुलाचाच दोष असेल तर तो बहुधा साधा असतो. सिलिंडरमधला दाब कमी झालाय आणि छर्रे खाली पडतायत. ग्रिपचा स्क्रू ढिला झालाय. किंवा छर्रे डब्यात आदळून चेपलेत. पिस्तुलाला सपाट तोंडाचा, सुमारे ०.४५ ग्रॅमचा हलका छर्रा घ्या. टोकदार छर्रा कागदाला नीट गोल भोक पाडत नाही आणि गुण मोजताना वाद होतात.

हातपंपाने हवा भरत असाल तर मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पंपातून ओलावा आत जातो. थांबत थांबत भरा, पंपातलं पाणी काढत जा. सीलला साधं मशीनचं तेल कधीही लावायचं नाही, उच्च दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. कंपनीने सांगितलेलं वंगणच लावा. वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून आणणं तर जिवावरचं काम आहे.

आणि मग .२२

एअर पिस्तुलावर स्कोअर स्थिर झाला की प्रशिक्षकच .२२वर खेळल्या जाणाऱ्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराचं नाव काढतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. इथे ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा आणि पिस्तूल क्लबचं. एअर पिस्तुलाच्या सवयीने .२२ रिकामं "टकटक" वाजवू नका. पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते. वापरलेली पुंगळी किंवा प्लॅस्टिकची बनावट गोळी घालून सराव करा. वेगवान गोळ्याही नकोत, मॅच पिस्तूल साध्या वेगाच्या गोळ्यांसाठी बनलेलं असतं. गोळी वाजली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, दुसरा हात वर करून सरांना बोलवायचं. पिस्तूल वळवून "काय झालं" म्हणून बघायचं नाही.

छर्रे असोत वा गोळ्या, दोन्हीत शिसं असतं. छर्रे ओठांत धरणारं मूल प्रत्येक क्लबात एखादं तरी असतं. त्याला तिथल्या तिथे थांबवा. रेंजवर जेवणाचा डबा उघडायचा नाही, आणि घरी निघण्याआधी साबणाने हात धुवायचे.