ओव्हरटाइमचे ईमेल ‘बनावट’ ठरत होते, तेव्हा काय उपयोगी पडलं

थकीत ओव्हरटाइमच्या दाव्यात वरिष्ठांनी माझ्या खासगी मेलवर पाठवलेले 14 ईमेल जोडले होते. समोरच्या वकिलांची हरकत एकच: हे टाईप करून बनवलेत.

आधी स्क्रीनशॉट दिले, त्यात तारीखच कापली गेली. मग मेल वकिलांना फॉरवर्ड केले. साधा फॉरवर्ड केला की मूळ हेडर (मेल कुठून, कधी, कसा आला याची नोंद) जातो, म्हणजे पुरावा मीच पातळ केला. दोन तारखा यातच गेल्या, डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी असं केलं. मेलबॉक्समधून प्रत्येक मूळ मेल ईएमएल फाईल (हेडरसकट अख्खा मेल ठेवणारी फाईल) म्हणून डाउनलोड केला. त्यात मेसेज-आयडी (मेलची स्वतंत्र ओळख) आणि ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी (कोणत्या सर्व्हरला मेल कधी मिळाला) जशाच्या तशा राहतात. फाईल एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. लगेच प्रत्येक फाईलचा एसएचए-256 हॅश काढला (फाईलचा डिजिटल ठसाच; 64 अक्षरांचा असतो, एक स्वल्पविराम हलला तरी अख्खा बदलतो). कधी, कोणत्या लॅपटॉपवर उतरवला, ते वहीत लिहिलं. मग कालक्रमाने यादी: तारीख, वेळ, पाठवणारा, पान क्रमांक. हेडरमधली वेळ बऱ्याचदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. मी स्थानिक वेळ शेजारी लिहिली, नाहीतर त्यावरही हरकत आलीच असती. मेलबॉक्समधले मूळ मेल डिलीट केले नाहीत.

पुढच्या तारखेला हरकत मागे घेतली गेली. आता वाद फक्त तासांच्या हिशेबाचा उरलाय.