आणीबाणीतल्या नाशिकवर कथा लिहिताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ तुरुंगाचा होतो. नायकाला पोलीस उचलतात, पुढच्या पानावर कोर्ट, वकिलाचं भाषण आणि दोन वर्षांची सजा. मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी स्थानबद्ध करणाऱ्या तेव्हाच्या कायद्याखाली, असं नव्हतंच. खटला नाही, सजा नाही. स्थानबद्ध का केलं हे सांगण्याचं बंधनही सरकारने अध्यादेश काढून उडवलं. काही उच्च न्यायालयांनी दाद दिली, पण २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने तीही वाट बंद केली. कोर्ट हवंच असेल, तर पात्राला १४ नोव्हेंबर १९७५ पासूनच्या आणीबाणीविरोधी सत्याग्रहात उतरवा आणि भारत संरक्षण नियमांखाली अटक दाखवा, तिथे खटला चालायचा.

कथेला खरा ऐवज मात्र मिसाच पुरवतो. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात नवरा असलेल्या बाईला दिवस मोजता येत नाहीत, कारण सुटकेची तारीखच नाही. थकलेल्या भाड्याचं घरमालकाला काय सांगायचं? नणंदेचं ठरलेलं लग्न पुढे ढकलायचं, तर कधीवर? सासू म्हणते, "दिवाळीपर्यंत येईल गं." कुठल्या दिवाळीपर्यंत, हे कोणी विचारत नाही. एवढा प्रसंग साधला तर लाठीमाराच्या तीन पानांची गरज उरत नाही.

पात्रांना शेवट ठाऊक असणं, ही दुसरी चूक. भद्रकालीतला पानवाला "हुकूमशाही टिकत नसते" असं ठणकावून सांगायला लागला की समजावं, लेखक बोलतोय. १८ जानेवारी १९७७ ला निवडणुका जाहीर झाल्या. त्याआधीचा प्रत्येक संवाद, पात्राला शेवट ठाऊक नाही, या एका कसोटीवर तपासा.

सगळी गल्ली विरोधात, असंही दाखवू नका. बाबू वेळेवर खुर्चीत सापडू लागले, साठेबाजांवर धाडी पडल्या, लोकांना बरं वाटलं. सातपूरच्या कारखान्यातला कामगार आधी खूश असू शकतो. किमान बोनस ८.३३ वरून ४ टक्क्यांवर आला की त्याचा सूर बदलेल. कचेरीतल्या शिस्तीचं कौतुक करणारा कारकूनच पुढे नसबंदीच्या 'केसेस', म्हणजे शस्त्रक्रियेसाठी माणसं, शोधत फिरतो, आणि ओळखीचे लोक त्याला पाहून गल्ली बदलतात. मला तरी असं पात्र निष्कलंक क्रांतिकारकापेक्षा जास्त भावतं.

तपशिलाच्या चुका पटकन दुरुस्त होतात. महानगरपालिका लिहू नका, ती १९८२ ची. तेव्हा नगरपालिका होती. रामकुंडावर सिंहस्थ घडवू नका, १९६८ नंतरचा थेट १९८० ला. पंचवटी एक्स्प्रेस खुशाल घ्या, ती १९७५ मध्येच सुरू झाली. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा ऐकवायला टीव्ही नको, रेडिओ लावा.

आणि पेपरात अटकेची बातमी वाचून धावत येणारा शेजारी कापा. सेन्सॉरच्या काळात अशी बातमी एसटी स्टँडवर कुजबुजत, निम्मी चुकीची पोचते. लगेच दुरुस्त करू नका. दोन प्रकरणं तरी घरच्यांना ती खरीच वाटू द्या.