नागपूरकरांनो, खवळत्या समुद्रावर एक दिवस असा काढा

आपल्याला पाणी म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी, सकाळी जिथं असतं संध्याकाळीही तिथंच, म्हणून कोकणात गेलो की गाडी थांबायच्या आत पोट्टे पाण्यात. आरे-वारेला आम्ही ओळीनं चपला काढून ठेवल्या आणि अर्ध्या तासात भाच्याची एक चप्पल गेली ना वाहून!

तर पहिले कॅलेंडर काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशोब आहे. समजा संकष्टीला गणपतीपुळ्याला चाललात, चारची पाऊणपट तीन, म्हणजे अंदाजे दुपारी तीनला पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, नऊच्या सुमारास ओहोटी. मग दर्शन लवकर उरका, दहा ते एक काय ते भिजून घ्या, तीननंतर पाणी मागे सरकत असताना आत जाऊच नका. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा लांबूनच बघा. पावसाळ्यात तर पाय पण नाही घालायचा.

पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं, पोट्टे कितीही किरकिर करोत. सगळीकडे पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत, जरा गढूळ दिसतो, आपल्याला वाटतं लेकरांसाठी हीच जागा बरी, पण तीच सगळ्यात वाईट. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी तिथूनच जोरात समुद्रात परत जातं. त्यात कोणी सापडलंच तर किनाऱ्याकडे हात मारत दमायचं नाही, तरंगायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर आडवं पोहत पट्ट्याबाहेर निघायचं. मागून घरच्यांनी उड्या मारायच्या नाहीत, दोर नाहीतर झाकण लावलेला रिकामा कॅन फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा.

पाणी गुडघ्यापर्यंतच, लेकरांचा हात मनगटाला धरून, आणि फोटोसाठी लाटेकडे पाठ करायची नाही, हे काकांना दोनदा सांगा.

जीन्स नको, भिजली की दगड होते. तिखट-मिठाच्या पुऱ्या, टोप्या, फोनला प्लास्टिकची पिशवी आणि गोड्या पाण्याचे दोन कॅन घ्या, एक पाय धुवायला, कारण ती वाळू नाही धुतली तर थेट नागपूरपर्यंत चादरीत निघत राहते.