‘काहीच केलं नाही हो!’ : लांबून कॉम्प्युटर दुरुस्त करताना या चुका टाळा

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी स्टोअर सांभाळतो. कॉम्प्युटर हा माझा धंदा नाही, खोड आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणाचा तरी अडकलेला लॅपटॉप फोनवर बोलत बोलत चालू करून दिला आणि नंबर पसरला. आता रात्री जेवण झालं की अनोळखी माणसांचे मेसेज उघडतो. कुणी गडहिंग्लजचा, कुणी मुरगूडचा, कुणी पार परभणीचा. चेहरे माहीत नाहीत, पण चुका तोंडपाठ झाल्यात. त्यातल्या काही विचारणाऱ्याच्या असतात, काही माझ्यासारख्या सांगणाऱ्याच्या. दोन्ही लिहितो, कारण हल्ली चार व्हिडिओ बघून सांगणारेही बक्कळ झालेत.

‘काही केलंत का?’ असं विचारणं

उत्तर ठरलेलं: ‘काहीच केलं नाही हो, आपोआप झालं.’ माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशेबी लाइट जाणं, टेबल भिंतीकडे सरकवणं, भाच्यानं गेम टाकणं यातलं काहीच ‘करणं’ नसतं. म्हणून मी तसं विचारणंच सोडलं. ‘शेवटचं नीट कधी चाललं होतं, आणि तेव्हापासून आत्तापर्यंत घरात-दुकानात काय काय झालं ते सांगा,’ असं विचारतो. मग गोष्टी बाहेर पडतात.

मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीवरून ऐन गुळाच्या सीझनमध्ये फोन आला. मशीन चालू केलं की विंडोजचं चिन्ह येतं, निळा स्क्रीन चमकतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू. जवळच्या कुणीतरी ‘विंडोज नव्यानं टाकू’ म्हणून सांगितलेलं, आणि पेढीचा सगळा हिशेब सी ड्राइव्हवर. ‘काय काय झालं?’ म्हटल्यावर दिवाणजी म्हणाले, ‘काय न्हाई वो, दोन दिवस लाइट नव्हती, तेवढंच.’ मी बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या, पडद्याचा फोटो मागितला. तारीख २००९ ची. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी, सीआर २०३२, मेलेली. दोन दिवस वीज नाही म्हटल्यावर बायोस आपल्या सेटिंग विसरला आणि डिस्कचा मोड, म्हणजे मशीन डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून आयडीईवर गेला. विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येईना. मोड परत केला, मशीन उठलं. बॅटरी मिसळीच्या प्लेटीपेक्षा स्वस्त. विंडोज नव्यानं टाकलं असतं तर गेलेल्या हिशेबाचं खापर ‘व्हायरस’वर फुटलं असतं.

नवीन लॅपटॉपवर मात्र बायोसला हात लावायच्या आधी थांबा. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी ते बिटलॉकरची, म्हणजे त्याच कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागू शकतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि ते खातं दुकानदारानं स्वतःच्याच ईमेलवर काढून दिलेलं असतं! १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पाडली. इलाज साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण जिथं किल्ली हाताशी नव्हती तिथं माणसं अडकून बसली. म्हणून किल्ली कागदावर उतरवली का, हे आधी. मग बाकीचं.

आणि हो, पेनड्राइव्ह लावून ठेवलाय का तेही बघा. ‘बूट डिव्हाइस मिळत नाही’ असं रडणारी कितीतरी मशीन तो काढल्यावर उठलेली आहेत. हे विचारायला लाज वाटते म्हणून सांगणारा विचारत नाही, आणि मग अर्धा तास रॅम खोडरबरनं घासत बसतो.

आपल्या मशीनवरचा आकडा दुसऱ्याला सांगणं

ही माझी चूक. अजून आठवली की पोटात गोळा येतो.

डिप्लोमाचा एक पोरगा होता. त्याला विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवायचा होता. मी घाईत होतो, त्यात त्याचं ‘दादा, पटकन सांगा, शॉर्टकट सांगा’ चाललेलं. मी डोळ्यांसमोर माझं मशीन धरून सांगत गेलो: डिस्कपार्ट (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडणारं विंडोजचं साधन) उघड, सिलेक्ट डिस्क १, मग क्लीन, मग पार्टिशन बनव, मग फॅट ३२ (फायली मांडायची एक जुनी पद्धत) मध्ये क्विक फॉरमॅट. माझ्याकडं एकच डिस्क, म्हणजे ती शून्य आणि पेनड्राइव्ह एक. त्याच्याकडं शून्य म्हणजे एसएसडी, एक म्हणजे वडिलांच्या कामाची एक टीबीची हार्डडिस्क आणि पेनड्राइव्ह दोन नंबरला. क्लीनला ‘खरंच करू का?’ असं विचारायची सवय नाही. एंटर दाबलं की झालं.

शेवटच्या पायरीला पोरगा म्हणाला, ‘दादा, व्हॉल्यूम खूप मोठा आहे म्हणतंय.’ सोळा जीबीचा पेनड्राइव्ह मोठा कसा असेल? मी म्हटलं, ‘लिस्ट डिस्क टाईप कर आणि फोटो पाठव.’ फोटो आला. पलीकडं तो गप्प, अलीकडं मी गप्प.

वाचलो ते विंडोजच्याच एका जुन्या आडमुठेपणामुळं. त्याच्या मशीनवरचं डिस्कपार्ट ३२ जीबीपेक्षा मोठं पार्टिशन फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करायला तयारच नव्हतं. फॉरमॅट झालंच नाही. आणि नुसतं ‘क्लीन’ अख्खी डिस्क पुसत नाही, पार्टिशनचा तक्ता असतो तेवढाच भाग पुसतं. ‘क्लीन ऑल’ म्हटलं असतं तर सगळ्यावर शून्यं फिरली असती. म्हणजे घर जागेवर होतं, फक्त पत्ता पुसला होता.

त्याला मशीन बंद करायला लावलं, ती डिस्क काढून ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मशीनला जोडून टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. ॲनालाइज, क्विक सर्च. जुनं पार्टिशन दिसलं. त्यावर ‘पी’ दाबून फायलींची नावं दिसतात का ते पाहिलं. वडिलांच्या फोल्डरची नावं दिसल्यावर पोरानं इतक्या मोठ्यानं श्वास सोडला की मला फोनवर ऐकू आला. मी तरी लगेच ‘राइट’, म्हणजे सापडलेला तक्ता डिस्कवर लिही, म्हणू दिलं नाही. आधी फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावल्या.

तेव्हापासून मी डिस्कचा नंबर तोंडानं सांगत नाही. लिस्टचा फोटो मागतो, त्यात आकार बघतो, पेनड्राइव्ह काढून पुन्हा फोटो मागतो. कुठली ओळ गायब झाली ते बघितल्यावरच पुढं. पोरं कंटाळतात, ‘एवढं कशाला?’ म्हणतात. कंटाळू देत.

विंडोज उठत नाही तेव्हा उघडणाऱ्या रिकव्हरीच्या काळ्या पडद्यावर तर ड्राइव्हची अक्षरंही बदललेली असतात. तिथला सी हा तुमचा सी असेलच असं नाही. ‘डीआयआर’ ही यादी दाखवणारी कमांड टाकून आत विंडोज आणि युजर्स फोल्डर दिसले तरच तो तुमचा.

टिकटिकणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क

एका फोटोग्राफरची एक्सटर्नल डिस्क होती, दोन लग्नं त्यात. ‘डिस्क फॉरमॅट करा’ असा चौकोन आला. नशीब, फॉरमॅट दाबलं नाही. पण कुठल्यातरी व्हिडिओत बघून रात्रभर चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन लावून ठेवलं. डिस्क टिकटिक करत होती, ते त्याला ‘काम चालू आहे’ असं वाटलं. सकाळी फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये ‘फाइल ००००’ छापाच्या शेकडो तुकड्यांचा ढीग.

चेकडिस्क फायली वाचवायला नाही, फाइल सिस्टीमची घडी बसवायला आहे. घडीत न बसणारं ते तोडून बाजूला टाकतं. मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर असं पळवणं म्हणजे ताप आलेल्याला जोतिबाचा डोंगर चढायला लावणं. आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा, शून्य नसेल तर दुरुस्ती विसरा. डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरनं आधी डिस्कची नक्कल काढा, जे काय करायचं ते नकलेवर करा. टिकटिक असेल तर तेही नको. बंद करा आणि रिकव्हरीवाल्याचा खर्च झेपतोय का त्याचा विचार करा. त्या फोटोग्राफरचं एक लग्न जवळजवळ पूर्ण मिळालं, दुसऱ्यातली हळद मिळाली, अक्षता नाहीत.

बाकीच्या पटकन. पुसलेल्या फायली काढायचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका. एसएसडीवरून पुसलेलं परत मिळण्याची आशा फार धरू नका, ट्रिम ही तिची सोय ते आतून साफ करून टाकते. पुराच्या पाण्यातून निघालेली डिस्क उन्हात वाळवून ‘एकदा चालू करून बघू’ नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर हे करणारे इतके भेटले की मोजणं सोडलं. दोन टीबीचा पेनड्राइव्ह पाचशे रुपयांत मिळत नसतो, मिळाला तर खरी जागा मोजणारं एचटूटेस्टडब्ल्यू लावून बघा, मग रडा.

सातबारा आणि एक्सेल

डिस्क मेली की निदान ओरडते तरी. एक्सेल गप्प राहून वाट लावतं, म्हणून मला त्याची जास्त भीती.

कागलकडची एक मुलगी, ऊस नोंदीची यादी करत होती. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, उसाची जात. दोन हजारांवर ओळी. तिचा मेसेज: ‘सर, गट नंबरच्या जागी डिसेंबर आलाय.’ तिनं लिहिलं होतं ७/१२, एक्सेलनं वाचलं सात डिसेंबर. ज्या आकड्यांनी अख्खा महाराष्ट्र जमीन ओळखतो, ते एक्सेलला तारीख वाटतात! अमेरिकन सेटिंगच्या मशीनवर तेच बारा जुलै झालं असतं.

इथवर ठीक होतं. पण तिनं कुणाचं तरी ऐकून अख्खा कॉलम ‘टेक्स्ट’ केला. त्यासरशी डिसेंबर गेला आणि ४५६३३ आलं. मग घाबरून सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. (घाबरल्यावर माणसं सेव्ह का करतात हे मला कळलेलं नाही.) ४५६३३ हा व्हायरस नाही. १ जानेवारी १९०० ला एक धरून एक्सेल दिवस मोजतं, त्या मोजणीत ७ डिसेंबर २०२४ चा नंबर तो.

परत फिरवता येतं. शेजारच्या कॉलममध्ये टेक्स्ट फंक्शन वापरून ‘डी/एम’ असा साचा द्यायचा, ७/१२ परत. तिला तेवढं सांगून मी झोपायला जाणार होतो, पण सवयीनं विचारलं, ‘रेघेनंतरचे हिस्से एकतीसच्या वरचे आहेत का?’ होते. ५/४० मध्ये चाळीस हा दिवसही होऊ शकत नाही आणि महिनाही, म्हणून एक्सेलनं तो मे महिना आणि चाळीस साल धरला, तारीख एक मे. त्यावर माझा फॉर्म्युला चालवला तर ५/४० चं १/५ झालं असतं, आणि १/५ हा दुसऱ्याच कुणाचा तरी खरा गट. दोन शेतकऱ्यांचा ऊस एकाच रानात. मग इयर फंक्शननं साल काढलं, चालू साल नसलेल्या ओळी वेगळ्या केल्या आणि त्या मूळ वहीवरून हातानं भरायला लावल्या. १४५/२ सारखे तारीख होऊच न शकणारे गट तेवढे सुखरूप होते.

टायपायच्या आधी कॉलम टेक्स्ट करा, नंतर नाही. विसरलात तर आकड्याआधी एकेरी अवतरण चिन्ह द्या. सीएसव्ही (स्वल्पविरामानं तोडलेली साधी यादी) फाइल डबल क्लिकनं उघडू नका, डेटा मेनूतून आत घ्या आणि कॉलमचा प्रकार तिथंच सांगा. सोळा आकडी खाते नंबर आकडा म्हणून टाकलात तर एक्सेल पंधराच अंक सांभाळतं, शेवटच्या जागी शून्य. ते परत येत नाही, कुठल्याही फॉर्म्युल्यानं. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी काही मानवी जनुकांची नावं बदलली, कारण एक्सेल त्यांची मार्च-सप्टेंबरच्या तारखांत रूपांतरं करत होतं. त्यांनी हात टेकले, तिथं आपण सावध राहिलेलं बरं.

एकच कॉलम निवडून सॉर्ट करू नका. नावं हलतात, रकमा जागेवर राहतात. व्ही-लुकअप या दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहा. हे का, ते विचारू नका, आधी लिहायला लागा.

झाल्यावर न सांगणं

जयसिंगपूरचा एक गृहस्थ, लॅपटॉप दिवसातून तीनदा आपोआप रिस्टार्ट. मी चार गोष्टी सांगितल्या: रॅम तपासा, चार्जर बदलून बघा, पंख्यातली धूळ काढा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना टाका. निळ्या खुणा आल्या. पुढं काही नाही. दोनदा ‘झालं का?’ म्हणून विचारलं, पुन्हा निळ्या खुणा.

सहा महिन्यांनी रात्री अकराला मेसेज: ‘सर, परत तसंच व्हायलंय. मागच्या वेळी काय केल्यावर बरं झालतं?’