बसचा प्रत्यक्ष मार्ग जीटीएफएसमध्ये कसा नोंदवावा

जीटीएफएस या सार्वजनिक वाहतुकीची माहिती नोंदवण्याच्या प्रमाणकात थांबे, फेऱ्या आणि वेळा भरल्या की गाडी केव्हा येईल हे प्रवाशाला सांगता येते. पण ती कोणत्या रस्त्याने जाईल हे ‘शेप्स’ ही फाइल जोडल्याशिवाय सांगता येत नाही. ती नसेल तर नकाशावर दोन थांबे सहसा सरळ रेषेने जोडले जातात आणि बस नदीवरून किंवा वाड्यांच्या छपरांवरून गेलेली दिसते.

या फाइलमध्ये एका ओळीत एकच बिंदू असतो: आकृतीचा (म्हणजे गाडीच्या वाटेच्या रेषेचा) ओळखक्रमांक, अक्षांश, रेखांश आणि अनुक्रमांक. अनुक्रमांक चढता हवा, सलग असण्याची गरज नाही. म्हणून १०, २०, ३० असे अंतर ठेवून क्रमांक द्यावेत, म्हणजे पुढे एखादा बिंदू मध्ये घालणे सोपे जाते. रेषा जिओजेसन या नकाशांच्या फाइल-प्रकारातून घेतली असेल तर तिथे रेखांश आधी येतो, हे विसरू नये. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८५ हे आकडे उलटले तर बस नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते.

आकृती मार्गाला नव्हे, तर फेरीला जोडली जाते, आणि याचे कारण पुण्यातच दिसते. स्वारगेटहून शनिवारवाड्याकडे जाणारी बस बाजीराव रस्त्याने जाते, तर परतीची शिवाजी रस्त्याने येते, कारण दोन्हीकडे एकेरी वाहतूक आहे. त्यामुळे जाण्याची रेषा उलटी करून येण्यासाठी वापरता येत नाही. दोन आकृत्या स्वतंत्रपणे आखाव्या लागतात. रेषा रस्त्याच्या मध्यातून न्यावी आणि ती प्रत्येक थांब्याच्या खांबापर्यंत वाकवू नये. सरळ महामार्गावर थोडे बिंदू पुरतात, मात्र घाटात बिंदू कमी केले की वळणे कापली जातात आणि अंतरही कमी भरते.

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती फाट्यावरून गावात शिरून त्याच रस्त्याने बाहेर येणाऱ्या फेरीची. इथे फाट्याच्या थांब्यावर गाडी दोनदा येते, आणि केवळ अक्षांश-रेखांशावरून यातली पहिली खेप कोणती हे संगणकाला ओळखता येत नाही. म्हणून परतीच्या वाटेचे बिंदूही पुन्हा लिहावेत आणि आरंभापासून कापलेल्या अंतराचा ऐच्छिक रकाना इथे न चुकता भरावा: समजा, फाटा पहिल्यांदा १२.४ किलोमीटरवर आणि दुसऱ्यांदा १८ किलोमीटरवर येत असेल, तर थांब्यांच्या वेळांच्या फाइलमध्येही त्या दोन नोंदींपुढे हेच आकडे यायला हवेत. दोन्ही फाइलींत एकक एकच असावे आणि अंतर कुठेही मागे जाऊ नये. माझ्या मते हा रकाना ऐच्छिक ठेवल्यामुळेच तो बहुधा रिकामा राहतो, आणि त्याची किंमत नेमक्या अशाच गावांतल्या प्रवाशांना मोजावी लागते.

शेवटी मोबिलिटीडेटा या संस्थेचा तपासक, म्हणजे जीटीएफएस फाइलींतल्या चुका शोधणारी संगणकप्रणाली, चालवावा. रेषेपासून १०० मीटरहून दूर असलेले थांबे आणि चुकीच्या क्रमाने जुळणारे थांबे तो दाखवतो. रस्ताच चुकीचा निवडला असेल तर मात्र ते त्याला कळणार नाही; त्यासाठी आखलेला नकाशा त्या मार्गावर रोज गाडी चालवणाऱ्या चालकाला दाखवावा आणि तो बोट ठेवील तिथे रेषा दुरुस्त करावी.